रजेच्या अर्जावरचं कारण

एकोणीस वर्षं मी दर वर्षी एका शुक्रवारी रजा टाकत आलो. कधी मार्चच्या शेवटी, कधी एप्रिलात. अर्जावर 'रजेचे कारण' असा रकाना असतो. त्यात दर वेळी दोनच शब्द लिहायचे, 'घरगुती काम'. टाइम ऑफिसचा क्लार्क शिक्का मारायचा आणि विषय तिथंच संपायचा.

ते काम घरगुती नव्हतं. तो उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, असायचा. सकाळपासून उपास, दुपारी बारा ते तीन उपासना. वधस्तंभावरून प्रभूने काढलेले सात उद्गार, एकेका उद्गारावर एकेक जण बोलतो, मध्ये गीत, मध्ये स्तब्धता. बाहेर रणरणतं ऊन, वर पंखे गरगरतायत, बायकांच्या पांढऱ्या साड्या, मांडीवर पेंगलेली पोरं. लहानपणापासून वर्षातला हा दिवस मला सगळ्यात जवळचा. नाताळाहूनही जवळचा. आणि त्याच दिवसाचं नाव कागदावर लिहायला माझा हात धजत नव्हता.

सुरुवात अगदी साधी झाली. २००० साली मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, लागलो. डिप्लोमा झालेला, वय चोवीस. पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये चहा घेताना सुपरवायझरांनी विचारलं, "काय, कुठले म्हणायचे तुम्ही?" मी गाव सांगितलं. आमचं आडनाव असं आहे की ते मराठ्यांत आहे, दलितांत आहे आणि आमच्यातही आहे. त्यांनी आडनाव ऐकलं, गाव ऐकलं, मनातल्या मनात बेरीज केली आणि म्हणाले, "मग आपलेच की!" मी हसलो. एक अक्षर खोटं बोललो नाही. नुसता हसलो.

पुढे कुणी विचारलं, रविवारी सकाळी फोन का उचलत नाही, तर सांगायचो, "देवळात असतो." हेही खोटं नव्हतं. आमच्या घरात चर्चला देऊळच म्हणतात. "घंटा झाली, देवळात चला," ही आज्जीची रविवारची हाक अजून कानात आहे. शब्द खरा होता. पण तो ऐकून समोरच्याच्या डोळ्यांपुढे कुठलं देऊळ उभं राहतंय हे मला पक्कं ठाऊक असायचं, आणि ते तसंच उभं राहावं म्हणून मी पुढचा शब्द गिळायचो. खंडेनवमीला फर्नेसला हार घालायचे, नारळ फुटायचा. त्या लोकांच्या श्रद्धेबद्दल माझ्या मनात कधी वावगं आलं नाही, आजही नाही. माझी स्वतःची श्रद्धा मात्र मी गेटबाहेर स्कूटरच्या डिकीत ठेवून आत जायचो.

कशाची भीती होती? खरं सांगायचं तर मला कुणी धमकावलं नव्हतं. भीती होती ती दुसऱ्या प्रश्नाची. आपल्याकडे 'मी ख्रिश्चन' एवढ्यावर बोलणं थांबत नाही. त्यावर येतंच, "ते झालं हो, पण मूळचे कोण?" आणि तिसरं वाक्य कधी उघड, कधी डोळ्यांतून येतं. मी चौथीत असताना वर्गातल्या एका मुलाने मला पहिल्यांदा 'बाटगा' म्हटलं. त्याला त्या शब्दाचा अर्थ माहीत नसावा, घरात ऐकलेला असणार. मला तर अजिबातच माहीत नव्हता. घरी येऊन आबांना विचारला. आबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला, उठले आणि हात धुऊन बाहेर गेले. अर्थ सांगितला नाही. मला तो त्यांच्या अर्ध्या राहिलेल्या ताटावरून कळला.

आबांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या वेळेला शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचं हा आमच्या लोकांपुढचा मोठा पेच होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीत धरत नाहीत. म्हणजे शेजारच्या घरातला माणूस ज्या पाणवठ्यावर अडवला जायचा त्याच पाणवठ्यावर आम्हीही अडवले जायचो, पण कागदावर आम्ही कुणी नव्हतो. त्यामुळे कितीतरी घरांत माणूस एक आणि दाखल्यावरचा शब्द दुसरा. मी त्यांना नावं ठेवत नाही. चार पोरं शिकवायची असतात तेव्हा काय करावं लागतं हे ज्याचं त्याला माहीत. आबांनी मात्र सरळ 'ख्रिश्चन' लिहिलं आणि मिळायची ती सवलत सोडली. त्यावर ते कधी भाषण द्यायचे नाहीत. फक्त शाहू महाराजांचा विषय निघाला की आवर्जून सांगायचे, महाराजांनी कोल्हापुरात ज्या ज्या समाजांच्या वसतिगृहांना हात दिला त्यांत इंडियन ख्रिश्चन होस्टेलही होतं. आम्ही या गावाचे आहोत, पाहुणे नाही, एवढंच त्यांना त्यातून म्हणायचं असायचं.

आणि त्याआधी पणजोबा. रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, शाळा काढल्या, पुढे पन्हाळ्याकडे कोडोलीलाही मिशनचं ठाणं झालं. पणजोबा त्या बाजूचे. त्यांना वाचता येत नव्हतं. आज्जी सांगायची, संध्याकाळी वडाच्या पारापासून लांब, रस्त्याच्या कडेला बसून त्यांनी मिशनच्या एका माणसाला शुभवर्तमान वाचताना ऐकलं. योहानाचा दहावा अध्याय. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो आणि त्यांना बाहेर नेतो. पणजोबांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. कारण गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. जातीनं मारायचे. "ए अमक्या," एवढंच. त्यांना आईनं ठेवलेलं एक नाव आहे आणि ते कुणाला तरी माहीत आहे, ही गोष्ट त्यांना त्या दिवशी कळली, असं आज्जी म्हणायची. घराण्यात सांगत आलेली गोष्ट आहे, तीनदा वाचलं की दोनदा, कोण जाणे. पण आमच्या घरात बाप्तिस्म्याचं कारण म्हणून एवढंच सांगतात.

अशा माणसाचा मी पणतू. कॅन्टीनमध्ये नुसता हसलो.

आता फाउंड्रीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझं अर्धं आयुष्य तिथं गेलं. आधी पॅटर्न, म्हणजे हव्या त्या भागाचा नमुना. तो पेटीत ठेवायचा, भोवती वाळू दाबायची. ही नदीतली नुसती वाळू नसते, तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकणमाती, कोळशाची पूड आणि हिशेबानं पाणी असतं. मुठीत दाबली की गोळा व्हायला हवा आणि मोडला तर कडा तुटक दिसायला हवी. जुना मोल्डर हाताला लागल्यावर सांगतो, पाणी जास्त झालंय. पॅटर्न काढला की वाळूत पोकळी राहते. दोन पेट्या एकमेकींवर बसवायच्या आणि १४०० अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड आत ओतायचं. थंड झाल्यावर पेटी फोडायची, त्याला नॉकआउट म्हणतात. मग शॉट ब्लास्टिंग, म्हणजे छऱ्यांचा मारा करून साफ करणं, मग फेटलिंग, म्हणजे जादा कडा घासून काढणं, आणि मग ते कास्टिंग, तो ओतीव भाग, माझ्या टेबलावर यायचा.

मी क्वालिटीत. ब्लोहोल, म्हणजे हवेनं पडलेली पोकळी, आहे का, वाळू शिरलीय का, दोन पेट्या सरकल्यात का, तडा आहे का. रिजेक्ट असेल तर लाल रंगाचा फुल्ला. हातात ब्रश आणि रंगाचा डबा. दिवसाला शेकडो नग माझ्या एका नजरेवर ठरायचे. हाताखाली माणसं होती, गेटवर वॉचमन सलाम ठोकायचा, 'क्वालिटीवाले साहेब' म्हणून शिरोलीत चार ठिकाणी ओळख होती. मला ते आवडायचं. फार आवडायचं. घरी आल्यावरही मी तोच असायचो, बायकोच्या भाकरीत खोट काढणारा, पोरीच्या वहीत लाल फुल्ल्या मारणारा.

प्रत्येक कास्टिंगवर एक हीट नंबर असतो. कोणत्या दिवशीच्या, कोणत्या ओतकामातला हा नग, ते त्यावरून कळतं. तो रंगानं लिहीत नाहीत. साच्यातच उमटवतात. वाळूत आकडे उलटे दिसतात आणि लोखंडावर सुलटे उभे राहतात. वरचा रंग शॉट ब्लास्टिंगमध्ये पहिल्या मिनिटाला उडून जातो, हीट नंबर राहतो. पाच वर्षांनी एखाद्या ट्रॅक्टरमधून तो भाग तुटून परत आला, गंजलेला, तेलकट, ओळखू न येण्यासारखा, तरी रॉकेलनं पुसून अंगठा फिरवला की आकडे लागतात. मी हजारो वेळा असा अंगठा फिरवला असेल. तेव्हा मला त्यात काही दिसलं नव्हतं, ते एक काम होतं.

२०१९ साली गाड्यांचा धंदा बसला. मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी आटल्या, फाउंड्र्यांत तीन पाळ्यांच्या दोन आणि दोनाच्या एक झाल्या. जुलैत मला आत बोलावलं. बोलणं गोड होतं, पाणीबिणी दिलं. दहा मिनिटांत एकोणीस वर्षांचा हिशेब हातात आला.

बारा-तेरा दिवसांनी पीएफच्या कागदांसाठी परत गेलो. गेटवर तोच वॉचमन. त्यानं सवयीनं हात कपाळाकडे नेला, मग मध्येच थांबवला आणि खाली मान घालून रजिस्टर पुढे सरकवलं. "साहेब, नियम हाय." त्याची काही चूक नव्हती. व्हिजिटरचं रजिस्टर. नाव, कोठून आले, कोणास भेटायचे, वेळ, सही. 'कोठून आले' या रकान्यात वरच्या सगळ्यांनी आपापल्या कंपनीचं नाव लिहिलेलं. पेन हातात धरून मी उभा राहिलो. मागं एक टेम्पोवाला घाई करत होता. शेवटी 'घर' असं लिहिलं.

योहानाच्या अठराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र यालाही दारावरच विचारतात. दार राखणारी एक दासी, "तूही या माणसाच्या शिष्यांपैकी आहेस ना?" तो म्हणतो, मी नाही. त्याच अध्यायात थोडं आधी, बागेत, मशाली घेऊन आलेल्या शिपायांपुढे येशू स्वतः पुढे होऊन म्हणतो, तो मी आहे. धरायला आलेल्यांपुढे गुरू म्हणतो 'मी आहे' आणि एका मोलकरणीपुढे शिष्य म्हणतो 'मी नाही'. हा भाग मी उत्तम शुक्रवारी किती वेळा ऐकला होता. गेटवर त्या दिवशी मला तो आठवला, आणि वाटलं, मी गेली एकोणीस वर्षं याच गेटातून रोज 'मी नाही' म्हणत आत जात होतो. फक्त तेव्हा माझ्याजवळ 'साहेब' होतं, त्यामुळे ते मला ऐकू येत नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढायला लागलं. कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला पाठ असतं. त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, दूध नाही, पेट्रोल नाही, आणि चहूकडे पाणी असताना नळाला पाणी नाही, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. आमचं घर उंचावर, आम्ही वाचलो. आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हॉल पूरग्रस्तांसाठी उघडला. पाळकसाहेबांनी मला खिचडीवर बसवलं. नोकरी गेल्यापासून मी घरात भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचो हे त्यांना दिसत होतं, त्यांनी काही समजूत घातली नाही, मोठा झारा हातात दिला.

तिसऱ्या दिवशी चिखली, आंबेवाडीकडची माणसं बोटीतून काढून आणली. दुपारच्या पंगतीत मी वाढत चाललो होतो. एका ताटापुढे झारा नेला आणि हात तिथंच थबकला. नॉकआउटवरचे मामा. कंपनीत सगळेच त्यांना मामा म्हणायचे. माझ्याआधी दहा वर्षं लागलेला माणूस, भाजलेल्या हातांचा, कमी बोलणारा. शेजारी मामी, सुनेच्या मांडीवर नातू. मामांनी वर बघितलं.

"सायेब? तुमी हितं?"

भिंतीवर क्रूस होता. माझ्या गळ्यात हॉलची किल्ली होती. पाळकसाहेब लांबून मला नाव घेऊन हाका मारत होते. लपायला कुठं जागाच नव्हती. मी म्हणालो, "मामा, हे आमचंच देऊळ. मी ख्रिश्चन आहे. तुम्हाला कधी बोललो नाही."

मामांनी शांतपणे खिचडीचा घास घेतला. "म्हाईत हाय की."

"काय माहीत आहे?"

"आवो, दरसाली त्या एका शुक्रवारी तुमी रजा टाकताय. आन दिवाळी होऊन म्हैना-दीड म्हैना झाल्यावर तुमच्या डब्यात करंज्या येत्यात. तवा करंज्या कोन करतंय दुसरं?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. नाताळच्या करंज्या! दर वर्षी आईच्या, पुढं बायकोच्या हातच्या करंज्या मी डब्यात नेऊन 'घरी केल्या होत्या सहज' म्हणून वाटत होतो. मामांच्या नातवासाठी एक-दोन जास्त द्यायचो.

"मग तुम्ही कधी बोलला नाही ते?"

"तुमीच बोलत नव्हता, मग आमी कशाला बोलायचं," मामा म्हणाले. "तुमाला वाटंल तवा सांगताल म्हटलं." मग ताट थोडं पुढे केलं. "आनी घाला जरा."

रात्री हॉलच्या व्हरांड्यात बसलो होतो. आत शंभरेक माणसं झोपलेली, कुणाचं तान्हं रडत होतं, पत्र्यावर पाऊस. मला रडू येत होतं आणि ते दुःखाचं नव्हतं हे कळत होतं, पण कशाचं होतं हे कळत नव्हतं. एकोणीस वर्षं मी एक माणूस उभा करून त्याच्या मागं लपलो होतो. वाटत होतं, हा पडदा फाटला तर माझी किंमत शून्य. आणि नॉकआउटवरचा एक माणूस पडद्याच्या पलीकडचं सगळं बघून बसला होता. बघून त्यानं मला कधी उघडं पाडलं नाही, कमी लेखलं नाही, खांद्यावरचं ओझं उतरवायला तेवढा हात दिला. मी सांगेन तोवर थांबला.

आपल्या भाषेत 'ओळख' हा शब्द मोठा विचित्र आहे. इंग्रजीतल्या आयडेंटिटीला आपण ओळख म्हणतो, पण आपण म्हणतो, "माझी त्याची ओळख आहे." ओळखीला दोघं लागतात. एकट्याची ओळख होत नाही. मी आरशापुढे उभा राहून कितीही 'मी कोण, मी कोण' केलं तरी ते फार तर माझ्याबद्दलचं माझं मत. बायबलमधल्या, गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात चौथ्या अध्यायात प्रेषित पौल लिहितो, आता तुम्ही देवाला ओळखू लागला आहात, आणि वाक्य मध्येच तोडून स्वतःलाच दुरुस्त करतो, किंबहुना देवानं तुम्हाला ओळखलं आहे. पौलासारखा तर्कपंडित, पत्र लिहून घेणाऱ्याला सांगून आधीचे शब्द खोडता आले असते. खोडले नाहीत. दोन्ही राहू दिले. ही ओळ मी त्याआधी पन्नास वेळा तरी वाचली असेल. त्या रात्री व्हरांड्यात मोबाइलच्या उजेडात वाचली तेव्हा मामांचा आवाज ऐकू आला, "म्हाईत हाय की."

पणजोबांनाही तेच ऐकू आलं असणार. आपण देवाला शोधलं म्हणून ते उठले नव्हते. आपल्याला कुणीतरी नावानिशी ओळखतं, एवढं कळलं म्हणून उठले. आणि एकदा ते कळल्यावर गावकीनं 'ए अमक्या' म्हटलं तरी हाक मारणाऱ्याची हाक तेवढी वाया जायची.

पूर ओसरल्यावरच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी जुन्या करारातल्या याकोबावर उपदेश केला. आंधळ्या बापानं विचारलं, कोण आहेस तू? आणि आशीर्वादासाठी याकोब म्हणाला, मी एसाव. थोरल्या भावाचे कपडे घालून, हातांना करडांची कातडी बांधून. मग पळाला, मामाच्या घरी वीस वर्षं राबला, श्रीमंत झाला. परत येताना यब्बोक नदीच्या उताराशी रात्री एकटा राहिला, आणि पहाटेपर्यंत ज्याच्याशी झुंजला त्यानं विचारलं, तुझं नाव काय? पाळकसाहेब म्हणाले, "देवाला काय ते माहीत नव्हतं? वीस वर्षांपूर्वीचा प्रश्न तो परत विचारतोय." या वेळी तो म्हणाला, याकोब. नवं नाव त्यानंतर मिळालं. खोट्या नावावर आशीर्वाद घेऊन माणूस श्रीमंत होऊ शकतो, पण देव त्याला भेटायचा म्हटलं की आधी खरं नाव सांगावं लागतं, असं काहीसं मला त्या दिवशी उमगलं. बाकावर बसून माझे हात कापत होते.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे लिहिणं खोटं ठरेल. हे सगळं झाल्यावर काही महिने मी उलट टोकाला गेलो. भेटेल त्याला आमचं चर्च किती जुनं, वायल्डर कधी आले, मिरजेत वॉन्लेस डॉक्टरांनी केवढं हॉस्पिटल उभं केलं, रेव्हरंड टिळक कसे तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे, पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल असं बायबल मराठीत कसं आणलं. यातलं खोटं काहीच नाही आणि या माणसांचं ऋण मी आयुष्यभर मानेन. पण माझ्या बोलण्याचा सूर तोच होता, 'क्वालिटीवाले साहेब'चा. पाटी बदलली होती, टांगायचा खिळा तोच. बायकोनं एकदा भाकरी वाढता वाढता म्हटलं, "तुम्ही ख्रिस्ताविषयी कमी आणि ख्रिश्चनांविषयी जास्त बोलताय आताशा." तिचं बरोबर होतं.

कारण समाज म्हणून आम्हीही काही आभाळातून पडलेलो नाही. 'यहूदी नाही, हेल्लेणी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही' हे वचन आमच्या भिंतींवर रंगवलेलं असतं आणि लग्नाची बोलणी निघाली की आतल्या खोलीत हळूच विचारलं जातं, "पण मूळचे कोण?" जो प्रश्न मला बाहेर टोचत होता तो आमच्या माजघरातही आहे. हे सांगताना मला लाज वाटते. पौलानं फिलिप्पैकरांना आपली सगळी वंशावळ सांगितली, बन्यामिनाच्या वंशातला, इब्र्यांतला इब्री, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी, आणि पुढच्याच श्वासात तिला केरकचरा म्हटलं. त्याच्यापुढची ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते, मी ख्रिस्ताच्या ठायी आढळून यावं. आढळून यावं! म्हणजे शोधणारा दुसरा कुणी आहे, सापडायचं तेवढं आपल्याकडे. रॉकेलनं पुसून कुणीतरी अंगठा फिरवावा तसं.

सध्या मी उद्यमनगरात एका लहान वर्कशॉपमध्ये आहे. मशीनिंगचं काम, सात माणसं, मालक स्वतः लेथवर उभे राहतात. पगार आधीच्या निम्मा. रिजेक्शनचा डबा आणि ब्रश इथंही माझ्याच टेबलावर आहे. पोरीच्या वह्या आता मी तपासत नाही. ती दहावीला गेल्यावर एकदा आपणहून वही घेऊन आली, तेव्हा बघितली.

२०२० चा उत्तम शुक्रवार टाळेबंदीत गेला. चौघं घरात चटईवर बसून मोबाइलवर उपासना ऐकली, आईनं त्या दिवशीही पांढरी साडीच नेसली होती. पुढच्या वर्षीही कसाबसाच झाला. २०२२ ला तो १५ एप्रिलला आला, आदल्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी. त्यामुळे मालक आधीच कुरकुरत होते की सलग दोन दिवस काम बंद नको, कुणी रजा मागू नका. त्यांच्याकडे छापील फॉर्म नाही, वहीचं पान फाडून द्यायचं. मी बुधवारी संध्याकाळी पान फाडलं, लिहिलं, 'शुक्रवारी रजा मिळावी. कारण: उत्तम शुक्रवार. चर्चमध्ये उपासना.' दोन शब्दांची सवय झालेल्या हाताला हे लांबलचक वाटलं. अक्षर जरा वाकडं आलं.

मालकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढून वाचलं. पुन्हा वाचलं.

"किती वाजता असतंय हे?"

"बारा ते तीन."

"मग सकाळी येऊन जाता काय? त्या हाउसिंगचा लॉट सांगलीला जायचाय, तुमच्या सहीशिवाय गाडी सुटत नाही."

मी होय म्हटलं. शुक्रवारी आठला गेलो, बेचाळीस हाउसिंग तपासली, तीन बाजूला काढली, सही केली. साडेअकराला साबण लावून हात धुतले. कूलंटचा वास गेला, नखांतलं काळं काही निघेना. तसाच देवळात गेलो.